कोणत्या समितीकडे? १९४६ सालचं एक प्रकरण

‘यात राजकारण आणू नका.’

कोठडीत माणूस मरतो, वस्तीवर बुलडोझर फिरतो, एखाद्या समाजावर बहिष्कार पडतो. कुणी त्याबद्दल तोंड उघडलं की पहिलं उत्तर हेच येतं. ते देणारा दर वेळी लबाड असतो असं नाही. मानवी हक्क ही सोवळ्यात ठेवायची गोष्ट आहे, राजकारणाचा हात लागला की ती बाटते, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. हे मत बदललं ते एका जुन्या प्रकरणाने. त्यात मानवी हक्क हा राजकीय विषय आहे की कायद्याचा, हा वाद परिसंवादात झाला नव्हता. तो जगातल्या ५४ देशांच्या प्रतिनिधींसमोर, प्रत्यक्ष मतदानाने लढला गेला. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

वादाची जागा

१९४६ चा ऑक्टोबर. संयुक्त राष्ट्रसंघाची सनद लागू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि त्याला स्वतःची इमारत नव्हती. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोज भागात १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं एक दालन होतं, पुढे तिथे बर्फावरचं स्केटिंग चाले. आमसभा तिथे भरली. समित्यांचं काम लेक सक्सेस इथल्या, युद्धसाहित्य बनवणाऱ्या एका कारखान्याच्या आवारात चालायचं.

आमसभेच्या विषयपत्रिकेवर भारताची तक्रार होती. ती २२ जूनला पाठवलेली होती आणि विषय होता दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना मिळणारी वागणूक. भारत तेव्हा स्वतंत्र झालेला नव्हता, पण राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता. तक्रार गेली ती व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाच्या काळात. त्या मंडळात राष्ट्रकुल संबंधांचं खातं नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे होतं, आणि मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे. सप्टेंबरात नेहरूंचं हंगामी सरकार आलं, त्याने तक्रार पुढे रेटली आणि शिष्टमंडळाचं नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे दिलं.

समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स. त्यांचं पहिलं म्हणणं असं की हा विषय पत्रिकेवरून काढूनच टाका. ते जमलं नाही, तर सहाव्या समितीकडे द्या. सहावी समिती कायद्याची. भारताचं म्हणणं उलट होतं: हा विषय मुख्यतः राजकीय आहे, तो पहिल्या समितीत, म्हणजे राजकीय समितीत, चालला पाहिजे.

वरवर पाहता ही कामकाजाची कटकट आहे. पण सगळं प्रकरण त्या एका प्रश्नात सामावलेलं होतं. कायद्याच्या समितीत विचारलं गेलं असतं: राष्ट्रसंघाला हात घालण्याचा अधिकार आहे का? राजकीय समितीत विचारलं जाणार होतं: जे चाललंय ते जगाला मान्य आहे का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. मात्र पहिल्याचं उत्तर येईपर्यंत दुसरा तोंडातून काढायचा नाही, अशी स्मट्स यांची मागणी होती. शेवटी विषय दोन्ही समित्यांच्या संयुक्त बैठकीकडे गेला.

डर्बनमधलं रिकामं मैदान

त्या दालनातून बाहेर पडून आधी डर्बनला जायला हवं. नाहीतर ‘विषय’, ‘समिती’, ‘अधिकारक्षेत्र’ या शब्दांखाली माणसं दबून जातात, आणि अशा वादात नेमकं तेच होत असतं.

१६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रुरो’ नावाचं जहाज डर्बनला लागलं. त्यात उसाच्या मळ्यांत राबायला आणलेले गिरमिटिये होते. करार संपल्यावर त्यांतले पुष्कळ तिथेच राहिले, भाजीपाला पिकवू लागले, तुकडा-तुकडा जमीन घेऊ लागले. मागून व्यापारी आले. गांधीजी १८९३ ते १९१४ या काळात त्यांच्यात होते, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते पुढचं. भारतीय माणूस गोऱ्यांच्या शेजारी घर घेतो, ही तिथल्या गोऱ्या मतदाराची तक्रार वाढत गेली. १९४३ मध्ये खरेदीला लगाम घालणारा तात्पुरता कायदा आला. १९४६ च्या जूनमध्ये कायमचा आला. नाताळ आणि ट्रान्सवाल या प्रांतांत भारतीयांनी कुठे जमीन घ्यायची नि कुठे राहायचं, याच्या रेघा त्याने आखून दिल्या. बदल्यात संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तीन प्रतिनिधी मिळणार होते, आणि ते तिघेही गोरेच असायला हवे होते. भारतीयांनी या कायद्याला नाव दिलं ‘घेट्टो ॲक्ट’.

१३ जूनला डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि अम्बिलो रोड यांच्या कोपऱ्यावर नगरपालिकेच्या रिकाम्या जागेत सत्याग्रह्यांनी तंबू ठोकले. डॉ. मॉन्टी नायकर आणि डॉ. युसुफ दादू हे पुढारी. पहिल्या दिवसापासून त्यांच्यात बायका होत्या. रात्री गोऱ्या तरुणांच्या टोळ्या यायच्या, तंबू उखडायच्या, आतल्यांना मारायच्या. सकाळी तंबू पुन्हा उभे राहायचे. मायकेल स्कॉट नावाचा एक गोरा धर्मोपदेशक हे पाहून त्यांच्यात जाऊन उभा राहिला आणि तुरुंगात गेला. दोन वर्षांत सुमारे २,००० माणसं तुरुंगात गेली.

त्या तंबूपाशी क्षणभर थांबू या. एक बाई रिकाम्या मैदानात चटईवर बसली आहे. कुणाच्या अंगावर धावून जात नाही, काही मोडत नाही. तिचा गुन्हा एवढाच की ती त्या जागी आहे. ही मानवी हक्काची गोष्ट की राजकारणाची? तिला मत नाही. तिच्या वतीने संसदेत बोलणारा तिच्यातला असू शकत नाही. कोर्टात गेली तर न्यायाधीश विचारणार, कायदा काय म्हणतो? आणि तक्रार तर कायद्याविरुद्धच आहे. मग तिच्या हाती उरतं काय? तिचं बसणं. ते बसणं तिच्यापुरतं निखळ राजकारण आहे, कारण जमीन कुणाची आणि ते ठरवणार कोण, हा प्रश्न ती नुसत्या बसण्याने विचारते आहे. तिला ‘राजकारण आणू नको’ म्हणणं म्हणजे ‘ऊठ’ म्हणणं.

स्मट्स यांची बाजू

स्मट्स यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, पण त्यांच्या युक्तिवादात दम होता आणि तो आजही जगभर जसाच्या तसा वापरला जातो.

त्यांचा आधार होता सनदेचं कलम २, परिच्छेद ७. जो मामला मूलतः एखाद्या देशाच्या अंतर्गत अधिकारातला आहे त्यात राष्ट्रसंघाने हस्तक्षेप करायचा नाही, असं ते म्हणतं. हे भारतीय आमचे नागरिक, जमीन आमची, कायदा आमच्या संसदेचा, तेव्हा हा आमच्या घरातला मामला, असं त्यांचं म्हणणं. दुसरा मुद्दा असा की सनदेत मानवी हक्कांचा उल्लेख आहे, पण ते हक्क कोणते याची यादी कुठे आहे? ती तेव्हा नव्हती. मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा यायला अजून दोन वर्षं होती. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेल्या १९२७ च्या केपटाऊन कराराचा दाखला भारताने दिला, त्यावर ते म्हणाले, तो बंधनकारक तह नव्हेच. आणि तिसरा मुद्दा: हे सगळे कायद्याचे प्रश्न आहेत, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवा, तिथे थंड डोक्याने निर्णय होईल. ब्रिटन आणि अमेरिका यांनाही हाच मार्ग बरा वाटत होता.

याच स्मट्स यांनी १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सनदेच्या प्रास्ताविकेला आकार दिला होता. मूलभूत मानवी हक्कांवरची श्रद्धा, माणसाची प्रतिष्ठा, हे शब्द त्या प्रास्ताविकेतच येतात. मला हा निव्वळ दांभिकपणा वाटत नाही. मला वाटतं, ते शब्द लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर युरोप होता. नाझींनी काय केलं ते होतं. डर्बनमधला भाजीवाला ‘माणूस’ या शब्दात बसतो, हे त्यांच्या मनाला शिवलंच नसावं. हक्क कुणाला लागू, हे ठरवणारी रेघ त्यांनी इतकी खोल गृहीत धरली होती की ती त्यांना रेघ वाटतच नव्हती. अशी रेघ दाखवून द्यायला कुणीतरी बाहेरचा लागतो, आणि दाखवून देणारा नेहमी ‘राजकारण करणारा’ ठरतो.

तक्रार करणारे काही संत नव्हते

भारताची तक्रार राजकीय होती का? होती, आणि पंडित यांनी ते लपवलंही नाही.

उद्या स्वतंत्र होणाऱ्या देशाला जगापुढे ताठ उभं राहायचं होतं, तो एक भाग. साम्राज्याच्या विरोधातली फळी बांधायची होती, तो दुसरा. भारताने त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि आपला उच्चायुक्त परत बोलावला. हे काही न्यायाधीशाचं वागणं नव्हे, हे दबावाचं राजकारण. आणि तक्रार होती ती भारतीयांबद्दल. त्या भूमीत बहुसंख्येने राहणाऱ्या, पास दाखवल्याशिवाय शहरात पाऊल टाकू न शकणाऱ्या आफ्रिकन माणसाबद्दल नव्हती. हा मोठा दोष होता.

तो भरून काढायला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. ए. बी. झुमा स्वतः न्यूयॉर्कला आले. त्यांना तिथे अधिकृत आसन नव्हतं, बोलायचा हक्क नव्हता. एका समारंभात स्मट्स यांनी त्यांना पाहिलं आणि आश्चर्याने विचारलं, तुम्ही इथे कसे? झुमा म्हणाले, माझ्या पंतप्रधानांना भेटायला मला हजारो मैल यावं लागलं. ते आमच्याविषयी बोलतात, आमच्याशी बोलत नाहीत. या प्रसंगाचे तपशील थोड्याफार फरकाने सांगितले जातात. मला या सगळ्या कागदपत्रांच्या ढिगात तो लाखमोलाचा वाटतो. ‘घरातला मामला’ म्हणणाऱ्या घरमालकाला आपल्याच घरातला माणूस परदेशातल्या दिवाणखान्यात भेटतो.

भारताच्या बाजूने मत देणाऱ्यांचे हेतूही तपासून पाहा. सोव्हिएत गट भारताबरोबर होता, आणि त्याच वेळी सोव्हिएत श्रमछावण्या माणसांनी भरलेल्या होत्या. विरोधात ब्रिटन होता, म्हणजे ज्या देशावर तो अजून राज्य करत होता त्याच्याच विरोधात त्याने मत दिलं. अमेरिकेचंही मत विरोधात. तिच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला बसमध्ये, शाळेत, मतपेटीपाशी वेगळं काढलं जात होतं, तेव्हा हा पायंडा उद्या आपल्यावर उलटेल हे समजायला फार हुशारी लागत नव्हती. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने भारतातल्या जातींकडे आणि त्या वर्षी पेटलेल्या दंगलींकडे बोट दाखवलं गेलं.

थोडक्यात, त्या सभागृहात निर्मळ हेतूचा एकही देश नव्हता. ‘मानवी हक्कांचं राजकारण होतं म्हणून ते सोडून द्या’ म्हणणाऱ्यांना याहून भक्कम पुरावा मिळायचा नाही. आणि तरीही मैदानातल्या त्या बाईचं म्हणणं खरं होतं. बोलणाऱ्याचा हेतू मिसळलेला आहे म्हणून जखम खोटी ठरत नाही.

मतदान

प्रकरण हेगच्या न्यायालयाकडे पाठवण्याची सूचना पडली. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेला ठराव मतदानाला आला. दक्षिण आफ्रिकेने भारतीयांना दोन देशांतले करार आणि सनद यांना धरून वागवावं, आणि दोन्ही सरकारांनी पुढच्या अधिवेशनात अहवाल द्यावा, एवढाच तो मवाळ ठराव होता. ८ डिसेंबर १९४६ ला निकाल लागला: बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश बहुमत लागत होतं. बाजूचं एक मत विरोधात गेलं असतं तर ठराव पडला असता.

मतदानानंतर पंडित स्मट्स यांच्याकडे गेल्या आणि आपल्याकडून गांधीजींच्या शिकवणुकीला न शोभणारं काही बोललं गेलं असेल तर क्षमा करा म्हणाल्या. स्मट्स यांचं उत्तर त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नोंदवलं: तुझा विजय पोकळ आहे मुली, या मताने मी पुढच्या निवडणुकीत सत्तेबाहेर जाईन आणि तुझ्या हाती काहीच लागणार नाही.

ते पहिल्या बाबतीत बरोबर निघाले. मे १९४८ मध्ये डी. एफ. मलान यांचा नॅशनल पक्ष आला. स्मट्स स्वतःच्या मतदारसंघातही हरले. या पराभवाला कारणं अनेक होती, पण बाहेरच्या जगाचा रोष गोऱ्या मतदाराला मऊ करू शकला नाही हे उघड आहे. अपार्थाइड, म्हणजे वंशानुसार माणसांना वेगळं काढणं, हे अधिकृत धोरण झालं, भारतीयांना देऊ केलेलं तुटपुंजं प्रतिनिधित्वही नव्या सरकारने काढून घेतलं आणि १९५० मध्ये वस्त्या विभागणारा आणखी कडक कायदा आला. डिसेंबर १९४८ मध्ये वैश्विक जाहीरनामा मंजूर झाला तेव्हा आठ देश तटस्थ राहिले. त्यांत दक्षिण आफ्रिका होती, आणि दोन वर्षांपूर्वी भारताच्या बाजूने उभा राहिलेला सोव्हिएत गटही होता.

म्हणजे प्रश्न राजकीय केल्याने परिस्थिती आणखी चिघळली का? प्रकरण १९४८ वर थांबवलं तर हो म्हणावं लागेल. मी ते तिथे थांबवत नाही.

हेगचा रस्ता

स्मट्स यांनी सुचवलेला स्वच्छ, कायदेशीर रस्ता पुढे खरोखरच चोखाळून पाहिला गेला, आणि ही गोष्ट या चर्चेत फार क्वचित निघते. १९६० मध्ये इथिओपिया आणि लायबेरिया यांनी दक्षिण आफ्रिकेला हेगच्या न्यायालयात खेचलं. दावा नैऋत्य आफ्रिकेबद्दल, म्हणजे आजच्या नामिबियाबद्दल होता. राष्ट्रसंघाच्या आधीच्या ‘लीग’ने विश्वस्त म्हणून सोपवलेल्या त्या प्रदेशात दक्षिण आफ्रिका अपार्थाइड राबवते आहे, असं फिर्यादींचं म्हणणं. सहा वर्षं खटला चालला. ढीगभर कागद, साक्षी, युक्तिवाद. १८ जुलै १९६६ ला निकाल लागला. न्यायाधीशांची मतं सात विरुद्ध सात अशी समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा फेटाळला गेला. कारण? फिर्यादी देशांना हा दावा करण्यासाठी लागणारं कायदेशीर हितच सिद्ध होत नाही. अपार्थाइड बरोबर की चूक, यावर न्यायालय एक शब्द बोललं नाही.

सहा वर्षांनी मिळालेलं उत्तर असं की तुम्ही विचारणारे कोण?

उलट ज्या आमसभेला ‘राजकीय आखाडा’ म्हणून हिणवलं जायचं, तिथे काय चाललं होतं? भारताने विषय वर्षानुवर्षं मांडत ठेवला. १९५२ मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या १३ देशांनी तो रुंद केला आणि आता तक्रार फक्त भारतीयांची न राहता सगळ्या अपार्थाइडची झाली. झुमा ज्याच्यासाठी आले होते ते सहा वर्षांनी पत्रिकेवर आलं. २१ मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलला पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडून ६९ माणसं मारली. १९६२ मध्ये आमसभेने आर्थिक आणि राजनैतिक संबंध तोडायचं आवाहन केलं. १९७७ मध्ये सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी बंधनकारक केली.

यापेक्षाही मोठी गोष्ट पडद्याआड घडली. राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाने १९४७ मध्येच ठरवून टाकलं होतं की वैयक्तिक तक्रारींवर कारवाई करण्याचा आपल्याला अधिकार नाही. जगभरातून पत्रं यायची, त्यांची नोंद व्हायची आणि पुढे काहीच व्हायचं नाही. वीस वर्षं हे असंच चाललं. ते दार उघडलं १९६७ मध्ये, आर्थिक आणि सामाजिक परिषदेच्या १२३५ क्रमांकाच्या ठरावाने. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी दक्षिण आफ्रिकेसाठी म्हणून जो रेटा लावला होता, त्यातून हा ठराव निघाला. पण एकदा दार उघडल्यावर ते फक्त दक्षिण आफ्रिकेपुरतं राहणं शक्य नव्हतं. १९७५ मध्ये त्याच आयोगाने चिलीच्या लष्करी राजवटीची चौकशी करायला गट नेमला. आज छळाबद्दल, बेपत्ता केलेल्या माणसांबद्दल अहवाल देणारे जे विशेष प्रतिनिधी आपण ऐकतो, त्यांची वाट इथून निघते. आणि हेगच्या न्यायालयाने नामिबियाच्या संदर्भात अपार्थाइडला सनदेच्या उद्दिष्टांचं उघड उल्लंघन म्हटलं ते १९७१ मध्ये. तेव्हा स्मट्स यांच्या मागणीला २५ वर्षं उलटली होती. राजकारणाने रस्ता आधी मोकळा केला, कायदा मागून आला.

राजकीय आणि पक्षीय

मराठीत आपण ‘राजकारण’ हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो आणि घोटाळा तिथे होतो. सत्ता कुणाकडे असावी, ती कुणावर कशी वापरली जावी, हे ठरवण्याची धडपड हे राजकारणच, आणि त्या अर्थाने मानवी हक्क राजकीय आहेत. ते सत्तेच्या हातावर घातलेलं बंधन आहे, सत्ता आपण होऊन ते घालून घेत नाही. पण ‘आमचा’ माणूस मेला तर मानवी हक्क आणि ‘त्यांचा’ मेला तर कायदा-सुव्यवस्था, हे पक्षीय राजकारण झालं. राग यायला हवा तो या दुसऱ्याचा. आपण मात्र पहिल्यालाच गप्प करतो.

पक्षीयपणा किती विषारी असतो त्याचं उदाहरण लगेच पुढच्या वर्षी मिळालं. ऑक्टोबर १९४७ मध्ये काळे अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांच्या पुढाकाराने अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांच्या संघटनेने तिथल्या वंशभेदाविरुद्ध राष्ट्रसंघाकडे सविस्तर अर्ज दिला. अमेरिकी शिष्टमंडळाला तो नकोसा होता. सोव्हिएत संघाने तो उचलून धरला, आणि तेवढ्याने तो ‘सोव्हिएत प्रचार’ ठरला. ज्यांच्यावर अन्याय होत होता ते दोन महासत्तांच्या मधे चेपले गेले. मानवी हक्क आयोगाचं पुढे जे झालं तेही याच रोगाने. एकमेकांना पाठीशी घालणाऱ्या देशांनी त्याची पत इतकी घालवली की २००६ मध्ये तो बरखास्त करून नवी परिषद आणावी लागली. तिथे आता राष्ट्रसंघाच्या प्रत्येक सदस्य देशाला पाळीपाळीने सगळ्यांसमोर जाब द्यावा लागतो. हा उपाय अपुरा आहे, पण दिशा मला पटते. राजकारण बाहेर काढता येत नसेल तर निदान कुणालाच त्यातून सूट मिळू नये.

म्हणून या प्रकरणात मला शेवटी एकच कसोटी उरलेली दिसते: तक्रार करणारा तोच प्रश्न स्वतःवर घ्यायला तयार आहे का? भारताच्या बाबतीत तिचं उत्तर द्यायला पुन्हा जून १९४६ मध्ये जावं लागतं.

न पाठवलेला अहवाल

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसनेही राष्ट्रसंघाकडे एक अर्ज दिला होता. ती बातमी वाचून बाबासाहेबांनी द्युबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास मला आवश्यक वाटतो, असा त्याचा आशय. भारतातले अस्पृश्यही राष्ट्रसंघाकडे जाण्याचा विचार करत आहेत, तेव्हा त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं त्यांनी विचारलं. जुलैच्या अखेरीस द्युबॉइस यांचं उत्तर आलं. त्यात सहानुभूती होती आणि मदतीची तयारी होती.

बाबासाहेबांनी खरोखरच तसा अहवाल तयार केला. हे त्यांनी स्वतः १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात सांगितलं आहे. राष्ट्रसंघासाठी अहवाल तयार होता, पण तो पाठवला नाही. आधी संविधान सभेला आणि होणाऱ्या संसदेला संधी द्यावी असं वाटलं. मग त्याच निवेदनात त्यांनी विचारलं आहे की आज अनुसूचित जातींची स्थिती काय आहे? आणि उत्तर दिलं आहे की पूर्वी होती तीच, तोच जुना जुलूम.

या जागेवर मी दर वेळी अडखळतो. न्यूयॉर्कमध्ये भारताचं शिष्टमंडळ ‘घरातला मामला’ हा युक्तिवाद खोडून काढत होतं, त्याच महिन्यांत भारतातला एक अहवाल ‘आधी घरात सोडवू’ म्हणून बाजूला ठेवला गेला. बाबासाहेबांनी तो विश्वासाने ठेवला होता.

१९६५ मध्ये वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश आणि वर्ण यांच्या जोडीला ‘डिसेंट’, म्हणजे जन्माने लाभलेलं कुळ, हा शब्द आहे. तो घालण्याची सूचना भारताची होती. पुढे १९९६ मध्ये करारावर देखरेख करणाऱ्या समितीने म्हटलं की या शब्दात जात येते. भारत सरकारने सांगितलं, येत नाही.

मग २००१ साल उजाडलं. वंशवादाविरुद्धची जागतिक परिषद ऑगस्टच्या अखेरीस भरली, आणि तीही डर्बनमध्ये. ज्या शहरातल्या तंबूंमुळे भारत पहिल्यांदा जगापुढे उभा राहिला, त्या शहरात भारतातले दलित कार्यकर्ते जमले होते. मागणी एवढीच की जाहीरनाम्यात जातीवर आधारलेल्या भेदभावाचा उल्लेख व्हावा. भारत सरकारचं म्हणणं होतं की जात म्हणजे वंश नव्हे, आमच्या संविधानाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली आहे, तरतुदी केल्या आहेत, आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. यातला पहिला मुद्दा समाजशास्त्रात वादाचा आहे, दुसरा खरा आहे. तिसरा मुद्दा १९४६ मध्ये दुसऱ्या बाकावरून बोलला गेला होता.

परिषद ८ सप्टेंबरला संपली. तिच्या जाहीरनाम्यात ‘डिसेंट’ आहे. ‘जात’ नाही.